आमच्याकडे कुणी वेडंच होईना

मानसोपचार विभागात काम करते म्हटलं की लोक खुर्ची जवळ ओढतात. "मग पेशंटचे किस्से असतील ना भरपूर?" नसतात हो. ज्याला कुणी नसताना आवाज ऐकू येतात तो माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसात हसण्यासारखं काही नसतं. किस्से होतात ते त्याचा अभ्यास करणाऱ्यांचे. ते मात्र साठत जातात, जुन्या पेपरच्या रद्दीसारखे, आणि टाकून द्यावेसेही वाटत नाहीत. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात अशाच एका अभ्यासावर मी तीन वर्षं काढली. आधी घरी नवऱ्याला सांगायचे, मग चेंबूरला बहिणीला. शेवटी शेवटी तर सोसायटीच्या बायका लिफ्टमध्येच विचारायच्या, "काय गं, तुझे सर आज काय म्हणाले?"

तर सर. आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख, मोठे डॉक्टर. 'मेंदू' हा शब्द उच्चारताना स्वतःच्या डोक्याला हात लावायचे, म्हणजे कुणाच्या मेंदूबद्दल बोलतायत याबद्दल गैरसमज नको. त्यांच्या खाली नेहा. पीएच.डी. झालेली, हुशार, वयाने माझ्या मुलीएवढी, पण सरांसमोर तिला मॅडम म्हणावं लागायचं. आणि नेहाच्या खाली मी, चाचण्या घेणारी बाई. एवढाच आमचा संसार.

*

काम काय होतं ते आधी सांगते. ज्यांना आजार झालेला नाही, पण पुढे सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमाचा आजार, होईल अशी शंका आहे, अशी तरुण मुलं-मुली शोधायची. दर सहा महिन्यांनी बोलवायचं. भावना उसळल्या की त्यांची 'कार्यरत स्मृती' किती कोसळते ते मोजायचं, आणि दोन वर्षांनी कोण आजारी पडलं, कोण नाही, ते बघायचं.

'कार्यरत स्मृती' हा शब्द संमतीपत्रात होता. तो वाचून मुलं माझ्याकडे बघायची. मी सांगायचे, "मोबाइलवर ओटीपी येतो ना? मेसेज बंद करून तो दुसरीकडे टाइप करेपर्यंत आकडे जिथे धरून ठेवता, ती ही स्मृती. आणि नेमकं तेव्हाच घरात कुणी खेकसलं की आकडे सांडतात, ते आम्ही मोजतो." लगेच कळायचं. सरांनी एकदा हे दारातून ऐकलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं की पुन्हा असं सांगायचं नाही. ओटीपी सहा आकडी असतो, आपली चाचणी सात आकडी आहे.

श्रद्धा आली ती याच सुमारास. वाकोल्याची, वय एकवीस, डी. फार्मसीला होती आणि संध्याकाळी घराजवळच्या एका मेडिकलच्या दुकानात काउंटर सांभाळायची. तिला मागून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय असं वाटायचं. "कुणी नाही हे मला माहीत असतं, ताई," ती म्हणाली, "पण मान वळतेच." बरोबर आई होती, मालवणची. ती आल्या आल्या म्हणाली, "माझ्या चेडवाक काय झालाहा, ता नीट सांगा."

नीट कुणी सांगायचं? सरांनी चाळीस मिनिटं लॅपटॉपवर रंगीत मेंदू दाखवले. शेवटी काही विचारायचंय का म्हणाले. श्रद्धाच्या सख्ख्या आत्याला तरुणपणी अशाच हाका यायच्या. आता ती गावी पडवीत बसून असते, भरवलं तर जेवते. हे सगळं सांगून श्रद्धाने एकच विचारलं, "मी आत्यासारखी होणार का?"

सर एकदम खूश झाले. "व्हेरी गुड क्वेश्चन," म्हणाले. "आम्हालाही अगदी हेच जाणून घ्यायचंय." आणि सही कुठे करायची त्या जागेवर बोट ठेवलं.

*

निवडीसाठी एक लांबलचक मुलाखत होती. एकेका प्रश्नाला गुण. जास्त गुण म्हणजे जास्त जोखीम. मला ती घ्यायला शिकवायचं म्हणून नेहाने स्वतःच पेशंट व्हायचं ठरवलं आणि मी प्रश्न वाचायला लागले.

"तुमच्यावर कुणी गुपचूप नजर ठेवून आहे असं वाटतं का?"

"हो," नेहा म्हणाली आणि तिने वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. चाचणीच्या खोलीत सरांनी कॅमेरा बसवला होता आणि ते तो त्यांच्या मोबाइलवर बघायचे, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सर ऐरोलीच्या सिग्नलला गाडीत होते. म्हणाले, "मॅडमना सांगा, उत्तर देताना हातवारे करायचे नाहीत." आणि मी फोन ठेवायच्या आत, "अँड स्कोअर दॅट अ‍ॅज यस!"

त्या मुलाखतीत आणखी एक प्रश्न होता. टीव्ही किंवा रेडिओ खास तुमच्यासाठी काही सांगतोय असं वाटतं का? बोरिवलीचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, काल घरी फ्रिज बिघडला म्हणून आई बोलली, आज सकाळपासून माझ्या फोनवर फ्रिजच्याच जाहिराती." त्याला गुण द्यायचे की नाही यावर सर आणि नेहा यांची पाऊण तास चर्चा झाली. शेवटी दिले. पोरगा जोखीम गटात आला, आणि त्याच्या घरी एव्हाना नवीन फ्रिजही आला असेल.

*

चाचणी चेहऱ्यांची होती. पडद्यावर एकामागून एक चेहरे येतात, रागावलेले, घाबरलेले, कोरे. आधीच्या आधी दिसलेला चेहरा पुन्हा आला की बटण दाबायचं, आणि शेवटी कोणता चेहरा कसा वाटला ते नोंदवायचं. हे चेहरे परदेशातून मागवलेले. सगळे गोरे. रागावलेल्या माणसाकडे बघून आमची मुलं म्हणायची, याला शिंक येतेय.

मग सरांनी देशी चेहरे वापरायचं ठरवलं, म्हणजे हॉस्पिटलमधलाच स्टाफ एकेक करून भिंतीपाशी उभा केला. कोऱ्या चेहऱ्यासाठी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, उभ्या राहिल्या, फोटो देऊन गेल्या. रागावलेल्या नव्हत्या, काही नव्हत्या. त्यांचा चेहराच तो आहे, त्याला त्या तरी काय करणार!

जोखीम गटातल्या प्रत्येक मुलाने तो चेहरा रागावलेला म्हणून नोंदवला. सरांना आनंद झाला. कोऱ्या चेहऱ्यात धमकी दिसणं हे म्हणे पुस्तकातलं लक्षण. मी म्हटलं, सर, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटातल्यांनाही त्या रागावलेल्याच वाटतात. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग निरोगी गट नीट निवडला गेलेला नाही.

नेहाने तो फोटो मोठा करून पडद्यावर ठेवला. सर वळले, त्यांनी पाहिलं आणि दचकून म्हणाले, "का? सिस्टरना काय झालं?"

*

भावना उसळवायला आवाजही हवा होता. आकडे लक्षात ठेवताना कानात कुणीतरी रागवायचं. परदेशी रेकॉर्डिंगमध्ये एक बाई इंग्रजीत म्हणायची की तुमच्या कामगिरीने मी निराश झाले आहे. आमच्या मुलांवर ढिम्म परिणाम नाही.

नेहाने नवीन वाक्य लिहिलं, "बाबांना सांगू का?" रेकॉर्डिंग माझ्या आवाजात. माझ्या आवाजात राग आपोआप येतो असं तिचं मत होतं. आधी हॉस्पिटलच्याच शिकाऊ डॉक्टरांवर करून पाहिलं. चार आकडेही कुणाच्या डोक्यात टिकेनात. एक जण तर चाचणी संपल्यावर बाहेर गेला आणि वडिलांना फोन करून आला. नेहा आणि मी एकमेकींना टाळी दिली.

मग ते वाक्य मंजुरीसाठी हॉस्पिटलच्या नैतिकता समितीकडे गेलं. समितीचं म्हणणं, 'बाबा' म्हटल्याने ज्यांना बाबा नाहीत ते दुखावतील, आणि 'सांगू का' यात धमकी आहे. धमकीच हवी होती, पण ते कोण ऐकतंय. दोन महिन्यांनी मंजूर वाक्य परत आलं, "पालकांना अवगत करावे काय?"

ते मी जीव तोडून, दात-ओठ खाऊन रेकॉर्ड केलं. ते ऐकत ऐकत मुलांनी सातच्या सात आकडे उलटे म्हणून दाखवले.

*

आता श्रद्धाच्या बोटांची गोष्ट. तिची दुसरी फेरी होती. रागीट चेहरे आले की सगळ्यांचे चाचणीतले गुण घसरायचे, हिचे घसरेनात. सरांनी आधी कॉम्प्युटर बदलला. मग बटण बदललं. तरी तेच. मग मी सरळ तिला विचारलं, बाई गं, तू करतेस तरी काय?

तिने टेबलाखालचे हात वर काढले. म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईक ओरडत असतं, किती वेळ लावता म्हणून. पाच औषधं डोक्यात असतात. मी एकेक औषध एकेका बोटावर ठेवते. तो ओरडू दे, बोटं कुठे जातात? इथेही चेहरे तसेच ठेवले." मग म्हणाली, "मागून हाक आली ना, तरी मी बोट सोडत नाही."

भावनेच्या धक्क्याने डोक्यातलं सांडतं कसं हे आम्ही मोजत बसलो होतो, आणि न सांडण्याची युक्ती या पोरीने वाकोल्याच्या काउंटरवर उभ्या उभ्या शोधली होती. मला वाटलं सर आता उडी मारतील. मी धावत जाऊन सांगितलं.

सरांच्या कपाळाला आठी पडली. "हे चीटिंग आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नियमांत एक ओळ वाढली, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवावेत. श्रद्धाला परत बसवलं. तळहात पालथे. गुण धाडकन खाली आले. सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, आता कसा क्लीन डेटा आला. माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

जाताना श्रद्धाने मला जिन्यात गाठलं. "ताई, दुकानात तर बोटं वापरलेली चालतील ना?"

*

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'कन्व्हर्जन'. जोखमीतला माणूस खरोखरचा आजारी पडला की तो 'कन्व्हर्ट' झाला म्हणतात. दीड वर्ष होऊन गेलं आणि आमच्याकडे एकही होईना. दुसऱ्या शहरात असाच अभ्यास चालू होता, त्यांच्याकडे झाले. ती बातमी आली त्या सोमवारच्या मीटिंगला सर असे बसले होते, जणू कुणाच्या तरी मुलाला मेडिकलची सीट मिळाली आणि ह्यांच्याला नाही.

नेहा म्हणाली, "सर, मुलं बरी आहेत म्हणजे चांगलंच आहे ना?"

"चांगलंच आहे," सर म्हणाले. "व्यक्ती म्हणून चांगलंच आहे."

मग मला कामाला लावलं. सगळ्यांना फोन करा, बोलण्यात काही वेगळं जाणवतं का बघा. मी केले. फ्रिजवाला बोरिवलीचा मुलगा बँकेत लागला होता. एकीचं लग्न ठरलं होतं. मी एकेक आनंदाची बातमी सांगत गेले आणि सर एकेक रेघ मारत गेले. फक्त घाटकोपरचा एक जण चार दिवस फोन उचलत नव्हता. त्या चार दिवसांत सर माझ्या टेबलापाशी इतक्या वेळा आले, इतक्या आपुलकीने आले, की आधी कधी तेवढे आले नव्हते. लागला का फोन? घरचे काय म्हणतात? खोलीत कोंडून वगैरे घेतलंय का?

पाचव्या दिवशी त्याने फोन उचलला. मित्रांबरोबर गोव्याला गेला होता.

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अरेरे."

*

गुप्तता मात्र आमच्याकडे कडक. मुलांची नावं कागदावर नाहीत, नुसते नंबर. दारावर पाटी नाही. श्रद्धाला मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नावाने हाक मारली म्हणून मला मेमो मिळाला होता. एवढं सगळं सांभाळून सरांनी दिवाळीला सगळ्या मुलांना भेट दिली. कापडी पिशवी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत, इंग्रजी आणि मराठीत, 'सायकोसिस जोखीम संशोधन प्रकल्प' आणि खाली सरांचं नाव.

श्रद्धाच्या आईला पिशवी फार आवडली. ती घेऊन ती भाजीला गेली, मासळीला गेली आणि एकदा मुलीचा डबा द्यायला मेडिकलच्या दुकानात गेली. मालकाने पिशवी वाचली. औषधांच्या धंद्यातला माणूस, त्याला अर्थ कळला. दुसऱ्या दिवसापासून श्रद्धा काउंटरवर नाही, मागे खोके फोडायला. उद्या हिने चुकीचं औषध दिलं तर, असं त्याचं म्हणणं. ती ठणठणीत आहे असं डॉक्टरांकडून लिहून आणा, मग बघू.

श्रद्धा माझ्यासमोर रडली नाही. एवढंच म्हणाली की आता लोकांनीच ठरवलंय तर आपण होणारच बहुतेक आत्यासारख्या. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मी तशीच सरांकडे गेले.

सरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "ती आजारी आहे असं मी लिहू शकत नाही. ती आजारी नाही असंही मी लिहू शकत नाही. जोखीम आहे एवढं लिहून देतो, लेटरहेडवर." मी म्हटलं, नको, ते पिशवीवर आहेच.

शेवटी आईच दुकानात गेली. मालकाला म्हणाली, "लिवन कित्याक व्हया? धा औषदा सांगा. ती हाडून दाखयतली." चार गिऱ्हाइकं उभी होती, मालकाला नाही म्हणता येईना. त्याने दहा अवघड नावं एका दमात सांगितली. श्रद्धाने ती दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालून ऐकली, मग आत गेली आणि दहाच्या दहा पाकिटं त्याच क्रमाने काउंटरवर मांडली. त्या संध्याकाळपासून ती परत पुढे.

आणि पिशवी? पुढच्या वेळी आई मुलुंडला आली तेव्हा तीच पिशवी हातात. मी घाबरून बघितलं तर अक्षरं दिसेनात. "पिशी घट असा, टाकूची कित्याक?" ती म्हणाली. "उलटी केलंय."

*

दोन वर्षं पूर्ण होत आली. एकेकाची शेवटची मुलाखत उरकली आणि उरली फक्त श्रद्धा. आत्या आजारी असलेली आमच्याकडे ती एकटीच, म्हणून सरांची सगळी भिस्त तिच्यावर. एरवी मुलाखती मी घ्यायचे, पण ही सर म्हणाले मी स्वतः घेणार. नवीन पेन घेऊन आले. मी कोपऱ्यात नोंदी लिहायला बसले. आई बाहेर बाकावर, देवाचं नाव घेत.

श्रद्धा आली ती ताठ मानेने. डी. फार्मसीचा रिझल्ट लागला होता, पास झाली होती.

सरांनी विचारलं, हाका येतात का? ती म्हणाली, नाही. सात-आठ महिने झाले, एकदाही नाही.

सरांनी तिला तोच प्रश्न परत विचारला. मग वेगळ्या शब्दांत विचारला. अगदी हळू आवाजातही नाही? नाही. पंखा चालू असताना? नाही सर. एकटी असलीस की? झोप लागताना? आत्याला भेटून आल्यावर? प्रत्येक वेळी ती नीट आठवून बघायची आणि नाही म्हणायची. लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं का, विचारलं. त्यावर तिला जरा हसू आलं. म्हणाली, बोलतात सर, औषध पटकन काढून देते म्हणून. सरांनी लिहायला घेतलेलं पेन तसंच वर राहिलं.

मला एवढा आनंद झाला होता की अक्षर वाकडं येत होतं. बाहेर जाऊन आईला कधी सांगते असं झालं होतं.

सरांनी शेवटच्या चौकोनात 'नाही'वर खूण केली. पेनाला टोपण लावलं. फाइल मिटली आणि फाइलवरच हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

श्रद्धाने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"सॉरी, सर," ती म्हणाली.

सर भानावर आले. तिच्याकडे वळले, समजूतदारपणे मान हलवली.

"इट्स ओके," म्हणाले. "तुझी काही चूक नाही."